हक्क कोणाचा, कर्तव्य कोणाचे?

आमच्या कचेरीत भिंतीवर एक चौकट टांगलेली आहे. राज्यघटनेच्या ५१ क या कलमातील नागरिकांची मूलभूत कर्तव्ये तीत सुबक अक्षरांत छापलेली आहेत. चौकट चांगली आहे, काचही वेळोवेळी पुसली जाते. ती जेथे लावली आहे ती जागा मात्र विचार करण्याजोगी आहे. खिडकीपाशी अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती नेमकी येते. खिडकीच्या अलीकडे बसणाऱ्या आम्हां कारकुनांच्या ती पाठीमागे आहे. ज्याने कोणी खिळा ठोकला त्याच्या मनात काही हेतू असेल असे मला वाटत नाही. भिंत रिकामी होती, इतकेच. तरी पण घटनेचा तिसरा भाग, म्हणजे मूलभूत हक्कांचा भाग, असा चौकटीत घालून टांगलेला मी आजवर कोठेही पाहिलेला नाही. महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांच्या आरंभीच्या पृष्ठांवरही उद्देशिका असते, प्रतिज्ञा असते, कर्तव्यांची यादी असते. हक्क मात्र नागरिकशास्त्राच्या धड्यात, परीक्षेपुरते, भेटतात.

या दोन भागांकडे, तिसरा आणि चार-क, एक वाचक म्हणून पाहावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी वकील नाही. कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार न्यायालयांचा. पण एखादे वाक्य कोण कोणास उद्देशून बोलत आहे, ते कोणत्या सुरात बोलत आहे, त्यातील शब्दांना आपल्या भाषेत कोणता इतिहास चिकटलेला आहे, हे पाहण्याचा हक्क साध्या वाचकासही आहे. शिवाय यात माझी एक सोयही आहे. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ प्रमाणे शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करणे आम्हांस वर्ज्य. केवळ वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनास मात्र मोकळीक आहे. हे लेखन वाङ्मयीन आहे असे मी समजतो, आणि यातील मते माझी आहेत, शासनाची नाहीत, हेही नियमानुसार येथेच नमूद करतो.

तिसरा भाग शांतपणे वाचावयास घेतला तर पहिली गोष्ट ही जाणवते की मथळा हक्कांचा असला तरी बहुतेक वाक्यांचा कर्ता हक्कदार नाही. चौदाव्या कलमाचा कर्ता राज्यसंस्था आहे. पंधराव्याच्या आरंभीही तीच आहे. अठराव्यात किताब देण्याची बंदी तिलाच आहे. विसाव्या, एकविसाव्या, बाविसाव्या कलमांत कर्ता लुप्त आहे. कोणाही व्यक्तीस अमुक केल्यावाचून शिक्षा होऊ नये, तमुक पद्धतीवाचून तिचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावले जाऊ नये. परंतु शिक्षा करणारा व हिरावून घेणारा कोण, हे सांगण्याची आवश्यकताच भासलेली नाही. नागरिकास ठळकपणे समोर आणून ‘त्याला हे हे हक्क आहेत’ असे सरळ सांगणारे एकोणिसावे कलम या भागात काहीसे एकटे पडलेले दिसते. त्यात मूळची स्वातंत्र्ये सात होती; १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचे गेले आणि सहा उरली.

आता ही राज्यसंस्था म्हणजे कोण? बाराव्या कलमाने तिची व्याप्ती सांगितली आहे: केंद्राचे शासन व संसद, घटकराज्यांची शासने व विधिमंडळे, आणि देशातील सर्व स्थानिक व इतर प्राधिकरणे. हे वाक्य आपण पाठ करतो आणि पुढे जातो. पण शासन ही काही ढगात राहणारी वस्तू नव्हे. ते आयकराच्या टेबलाशी बसते, टपालाच्या खिडकीत बसते, रेल्वेच्या आरक्षणकक्षात बसते, आणि सायंकाळी डबा पिशवीत घालून घरी जाते. ते आपण आहोत, या मासिकाचे वाचक आणि लेखक. तिसरा भाग त्या दृष्टीने पुन्हा वाचला तर तो हक्कांची सनद न राहता कर्तव्यांची यादी होतो. आणि ती कर्तव्ये खिडकीबाहेर उभे असणाऱ्याची नसून खिडकीच्या आतल्या माणसाची आहेत. भेद करू नका. संरक्षण नाकारू नका. पद्धतीवाचून हात लावू नका. घटनेत कर्तव्ये १९७६ साली आली असे आपण म्हणतो ते नागरिकांपुरते खरे. आपली कर्तव्ये २६ जानेवारी १९५० पासूनच तेथे आहेत, फक्त त्यांवर मथळा दुसऱ्याच्या हक्कांचा आहे.

आणखी एक बारकावा. पंधरावे, सोळावे, एकोणिसावे ही कलमे नागरिकाविषयी बोलतात. चौदावे आणि एकविसावे मात्र ‘व्यक्ती’विषयी. म्हणजे समान वागणूक देण्यापूर्वी समोरचा माणूस या देशाचा आहे की नाही हे तपासण्याचीही सवलत आपणांस ठेवलेली नाही. कर्तव्यांच्या कलमात पुन्हा ‘नागरिक’ आहे. मागताना घटना नागरिकापाशी थांबते. देताना माणसापर्यंत जाते.

इंग्रजीतून मराठीत येताना या वाक्यांचे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. इंग्रजी पाठातील राज्यसंस्थेस केलेला निषेध हा कायद्याच्या भाषेतील आज्ञा आहे. मराठी पाठात त्या जागी भविष्यकाळ येतो: नाकारणार नाही, भेदभाव करणार नाही. व्याकरणदृष्ट्या यात चूक काढता येणार नाही. हिंदीतही तसेच केले आहे. पण मराठी कानास ‘करणार नाही’ हे आज्ञेसारखे वाटत नाही, ते वचनासारखे वाटते, आणि कचेरीत आयुष्य काढलेल्याच्या कानास तर ते आणखीच निराळे लागते. ‘आज होणार नाही’, ‘साहेब आल्यावाचून मिळणार नाही’, हीच तर आमची रोजची वाक्यरचना! याउलट शालेय पुस्तकांत छापलेली कर्तव्ये पाहावीत. तेथे विध्यर्थ आहे: पालन करावे, आदर करावा, त्याग करावा. नागरिकास ‘करावे’ आणि शासनास ‘करणार नाही’. एकास उपदेश, दुसऱ्याकडून आश्वासन. ‘नाकारता कामा नये’ अशी आपल्या भाषेतील धारदार रचना उपलब्ध असता ती का वापरली गेली नाही, याचे उत्तर भाषांतरकारांच्या सावधगिरीत असेल. विधिभाषेत एकच शब्दरूप सर्वत्र ठेवावे लागते हे मी जाणतो. तरी हा फरक वाचकाच्या मनावर परिणाम केल्यावाचून राहत नाही.

शब्दांविषयीही असेच. परप्रांतात राहणाऱ्या आपणांस हिंदीतील ‘मूल अधिकार’ रोज भेटतात. मराठीत ते ‘मूलभूत हक्क’ आहेत. मला आपला शब्द अधिक आवडतो हे सांगून टाकतो. मराठीत अधिकार हा खुर्चीचा असतो, म्हणून तर अधिकारी. हक्क हा माणसाचा. बदली झाली की अधिकार मागे राहतो, हक्क बरोबर येतो. अधिकार या संस्कृत शब्दात मुळातच पात्रतेची कल्पना आहे. अमुक यज्ञाचा अधिकार कोणास आणि कोणास नाही, याचा खल मीमांसकांनी पुष्कळ केला, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा जन्मावर येऊन थांबे. हक्क हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द त्या ओझ्यातून मोकळा आहे असे मला पूर्वी वाटे.

तो तसा मोकळा नाही. जुनी कागदपत्रे चाळली तर हक्क हा शब्द जेथे तेथे वतनाबरोबर येतो: देशमुख-देशपांड्यांचे हक्क-लाजिमे, पाटलाचे मानपान, बलुतेदारांचे बलुते. गावगाड्यातील हक्क हा कामाला बांधलेला होता, आणि काम जन्माला बांधलेले होते. सुताराने औत नीट करावे व खळ्यावर आपला वाटा घ्यावा. कुंभाराने मडकी द्यावीत व आपला घ्यावा. हक्क आणि कर्तव्य यांची ही जोडी इतकी घट्ट होती की भाषेत दोहोंना आजही एकच क्रियापद आहे. आपण हक्कही बजावतो आणि कर्तव्यही बजावतो. (नोटीसही बजावतो, पण ते आमच्या खात्याचे झाले.)

या घट्ट जोडीविषयी आपल्या थोरांच्या मनात आदर होता. गांधीजींनी १९४७ साली युनेस्कोच्या ज्यूलियन हक्सले यांस धाडलेल्या पत्रात आपल्या निरक्षर पण शहाण्या आईची शिकवण सांगितली, ती हीच की हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून उपजतात. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा प्रचंड ग्रंथ १९६२ साली पुरा केला. त्याच्या पाचव्या खंडात राज्यघटनेविषयी लिहिताना त्यांनी आक्षेप घेतला तो असा की या घटनेमुळे सामान्य जनांत आपणांस हक्क आहेत, बंधने मात्र नाहीत, अशी भावना निर्माण झाली आहे. काण्यांच्या विद्वत्तेपुढे मान लववावी आणि तरीही या मुद्द्यावर त्यांच्याशी असहमत व्हावे, असे मला वाटते. कारण ज्या समाजात हक्क कर्तव्यातून उपजत होते असे म्हणतात, त्या समाजात तो नियम सर्वांस लागू नव्हता. आणि ज्यांस लागू नव्हता त्यांची नोंद आपल्याच भाषेत आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे: तळे राखील तो पाणी चाखील. आज ती आपण लाचलुचपतीच्या संदर्भात हसून वापरतो. पण तिच्या शब्दार्थात हक्क-कर्तव्याचा हाच सिद्धान्त आहे. राखणे हे कर्तव्य, चाखणे हा हक्क. आता महार वतनाकडे पाहावे. गावाची वेस राखणे, सीमेच्या खुणा सांगणे, सरकारी वसूल पोचविणे, सांगावे नेणे, मेलेली गुरे ओढणे ही सर्व कामे त्या वतनात येत, आणि रात्री-अपरात्री बोलावणे आले तरी जावे लागे. एकाने बोलावणे चुकविले तर घरातील दुसऱ्याने जावयाचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन आणि बलुते. गाव राखण्याचे कर्तव्य ज्याने पिढ्यान्पिढ्या पार पाडले, त्याला त्याच गावच्या पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते. म्हणजे म्हण खोटी ठरली होती. राखणारा एक आणि चाखणारा दुसरा.

डॉ. आंबेडकरांनी या वतनाच्या कायद्यात, म्हणजे १८७४ च्या अधिनियमात, सुधारणा करण्यासाठी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. कर्तव्याच्या नावाने माणसाला कसे बांधून ठेवता येते याचा अनुभव असणारा हा मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे तिसरा भाग वाचताना विसरून चालणार नाही. ही वतने मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने संपली.

वतनाआधीचा एक प्रसंग तर सर्वश्रुत आहे. रावबहादुर सीताराम केशव बोले यांच्या १९२३ च्या ठरावानुसार सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. ठराव दप्तरात राहिला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले तेव्हा कोठे तो ठराव तळ्यापाशी पोचला; आणि त्यानंतर जो दावा चालला त्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागावयास १९३७ चा मार्च उजाडला. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत इतके अंतर असते, हे ज्याने पाहिले त्याच्या देखरेखीखाली पंधराव्या कलमाचा दुसरा खंड आकारास आला.

तो खंड मला वाङ्मयदृष्ट्या साऱ्या तिसऱ्या भागात विलक्षण वाटतो. अमूर्त संज्ञांच्या त्या रानात तेथे एकाएकी वस्तू दिसू लागतात: दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. कायदा लिहिणाऱ्यास ‘सार्वजनिक स्थळे’ एवढ्या दोन शब्दांत भागविता आले असते. पण तसे केले असते तर प्रत्येक तळ्याच्या काठी हे सार्वजनिक स्थळ आहे की नाही असा नवा वाद उभा राहिला असता. म्हणून विहीर म्हटली, तलाव म्हटला. मराठी वाचकाने तलाव हा शब्द येथे वाचावा आणि महाड आठवू नये हे शक्य नाही. आणि या तलावाला राखण्याची अट नाही. ज्याने तो राखला नाही तोही त्याचे पाणी चाखू शकतो. तो माणूस या देशाचा नागरिक आहे, एवढी ओळख पुरते. म्हणीतला ‘राखील तो’ येथे गळून पडला. तिसऱ्या भागाने काय केले हे कोणी मला एका वाक्यात विचारले तर मी हेच सांगेन की हक्काला कर्तव्याच्या वेतनातून मोकळे केले. वतन मोडले.

त्याच दिशेने जाणारे तेविसावे कलम आहे. माणसांचा व्यापार आणि बिगार यांची मनाई त्यात आहे. बिगार हा शब्द इंग्रजी पाठात आपल्याकडचाच, तसाच्या तसा, ठेवला आहे. त्याला इंग्रजीत जोड सापडली नसावी, आणि ते त्या भाषेच्या दृष्टीने बरेच म्हणावयाचे. हे कलम आणि अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे केवळ राज्यसंस्थेशी नव्हे तर प्रत्येकाशी बोलतात. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत क्रीडागारे व उड्डाणपूल बांधणाऱ्या मजुरांचे प्रकरण एका पत्राच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेले. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे हीदेखील बिगारच होय, असा अर्थ न्यायमूर्ती भगवती यांनी त्या वर्षी या शब्दाचा लावला. दिल्लीच्या त्या पुलांवरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांस हे ठाऊक आहे, कोण जाणे.

आता चौथ्या-क भागाकडे वळतो. त्याच्याविषयी न्यायाने बोलावयाचे तर त्याची जन्मवेळ सांगितली पाहिजे, पण केवळ जन्मवेळेवरून त्याची किंमत ठरवू नये. सरदार स्वर्णसिंग समितीने आठ कर्तव्ये सुचविली. बेचाळिसाव्या दुरुस्तीने दहा घातली आणि ती ३ जानेवारी १९७७ पासून अमलात आली. त्या काळी आणीबाणी होती. चौदा, एकवीस व बावीस या कलमांसाठी न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्क २७ जून १९७५ च्या आदेशाने स्थगित होता. एकोणिसाव्यासाठीचा ८ जानेवारी १९७६ च्या आदेशाने. म्हणजे नागरिकास त्याची कर्तव्ये सांगितली गेली तेव्हा त्याचे हक्क टाळ्याकुलपात होते. एप्रिल १९७६ मध्ये बंदीप्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी शासनाची बाजू उचलून धरली. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. चौघांत भगवतीही होते आणि पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूडही. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय चुकीचा ठरविला, तेव्हा त्याविषयीचे लेखन यशवंतरावांच्या चिरंजीवांच्या हातचे होते. अशी उदाहरणे वाचली की माणसांना एका निकालावरून तोलू नये असे वाटते. कलमांनाही तोच न्याय लावावा. त्याच आणीबाणीत वेठबिगार पद्धती बंद करणारा १९७६ चा कायदाही झाला. आणि १९७७ नंतर आलेल्या शासनाने बेचाळिसाव्या दुरुस्तीतील पुष्कळ काही उपटून टाकले, पण कर्तव्ये ठेवली.

समितीने कर भरणे हे एक कर्तव्य सुचविले होते आणि कर्तव्यभंगास दंडाची तरतूदही; संसदेने दोन्ही स्वीकारले नाही. माझ्या मते या नकारातच चौथ्या-क भागाची अब्रू राहिली. दंड नसल्यामुळे ती आज्ञा न राहता विनंती झाली, आणि विनंतीचे स्वतःचे सौंदर्य असते. यादीतील काही शब्द खरोखर चांगले आहेत. वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद, चौकसपणा ही नागरिकाची कर्तव्ये आहेत असे कायद्याच्या पुस्तकात म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. स्त्रियांच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करावा, हेही त्यात आहे. मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे कर्तव्य २००२ साली पालकांवर आले, पण त्याच दुरुस्तीने शिक्षणाचा हक्कही मुलाला दिला, हे विसरू नये. दहाव्या कर्तव्याविषयी, म्हणजे सर्व क्षेत्रांत उत्कृष्टतेच्या ध्यासाविषयी, मी अधिक लिहीत नाही. वार्षिक अहवालात ‘उत्कृष्ट’ हा शेरा कोणास व कसा मिळतो हे वाचक जाणतात.

या यादीतही तलाव आहे. अरण्ये, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण करणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. पंधराव्या कलमातील तळे चाखण्याचे आहे, एकावन्न-क मधील राखण्याचे. दोन्ही हवीत. फक्त एकीची पावती दाखविल्यावाचून दुसरीकडे प्रवेश नाही, असे घटनेत कोठेही लिहिलेले नाही. ‘आधी कर्तव्य करा, मग हक्क मागा’ हे वाक्य सभांतून व संपादकीयांतून इतक्या वेळा कानी येते की ते घटनेतीलच असावे असे वाटू लागते. ते घटनेतील नाही. ते वतनातील आहे.

केरळातील तीन भावंडांचा खटला येथे आठवतो. शाळेत राष्ट्रगीत चालू असता ती आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. म्हणून १९८५ साली त्यांना शाळेतून काढले. कर्तव्यांच्या यादीत राष्ट्रगीताचा आदर आहेच. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी जे केले त्याला मी उत्तम समीक्षा म्हणेन: त्यांनी क्रियापद नीट वाचले. आदर करणे आणि गाणे ही दोन क्रियापदे आहेत. पहिले मुलांनी पाळले होते. दुसरे कोठेही लिहिलेले नव्हते, वाचणाऱ्यांनी ते पदरचे घातले होते.

न लिहिलेले पदरचे घालणे, हा आम्हां कचेरीतल्यांचा तर स्वभावच होऊन बसतो. त्याविषयी एक प्रसंग सांगतो, आणि तो दुसऱ्या कोणाचा नाही.

एक वृद्ध गृहस्थ आमच्या खिडकीशी आले. नोकरीत असता वारलेल्या मुलाच्या येणे रकमेसाठी त्यांचा अर्ज होता. कागद सर्व होते. प्रतींवर त्यांनी स्वतः सही केली होती. मी त्यांना राजपत्रित अधिकाऱ्याची सही व शिक्का घेऊन येण्यास सांगितले. ते गेले आणि आठवड्याने परत आले. एका अधिकाऱ्याने सही दिली होती, पण शिक्का उमटला नव्हता. मी पुन्हा पाठविले. दोन्ही वेळा माझे बोलणे सभ्य होते, हे मला मुद्दाम आठवते. रांगेत उभे असता ते माझ्या पाठीमागची चौकट वाचत होते. ओठ हलवीत, वरपासून खालपर्यंत, दोनदा. ते गेल्यावर दुसऱ्या एका कामासाठी परिपत्रकांची धारिका काढली, तेव्हा दिसले की अशा प्रतींना अर्जदाराची स्वतःची सही पुरते, अधिकाऱ्याच्या साक्षांकनाची अट केव्हाच गेलेली आहे. आमच्याकडचा छापील नमुना जुना होता आणि माझी सवय त्याहून जुनी.

मनमानी ही समतेची वैरीण आहे, अशा आशयाचे १९७४ च्या रोयप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. पदवीच्या वर्गात मी त्यावर टिपण लिहिले होते. नियमात नसलेला कागद मागणे याला मनमानी म्हणतात, हे त्या टिपणात नव्हते. शासनाच्या ज्या कर्तव्याविषयी वर मी इतके लिहिले, ते त्या दोन आठवड्यांत माझ्या टेबलावर होते आणि मी ते शिक्क्याअभावी परत पाठविले.

परगावी राहणाऱ्या आपणांस या गोष्टीची दुसरी बाजूही ठाऊक असते. बदली झाली की शिधापत्रिका, मुलांचा शाळाप्रवेश, भाड्याच्या घराचा करार, यांसाठी आपणही कोणाच्या तरी खिडकीशी उभे राहतो, आणि आपले उच्चार ऐकून समोरचा मान वर करतो. तेथे आपण राज्यसंस्था नसतो. एकोणिसाव्या कलमाने देशात कोठेही राहण्याचा हक्क दिला आहे. एकोणतिसाव्याने आपली भाषा व लिपी जतन करण्याचा. हे मासिक त्या दुसऱ्या हक्काच्या आधाराने निघते असे म्हणण्यास हरकत नाही. त्यासाठी आपण कोणते कर्तव्य आधी पार पाडले, असे आपणांस अद्याप कोणी विचारलेले नाही.

त्या वृद्ध गृहस्थांस मी पत्र टाकले. ते आले, तीच कापडी पिशवी घेऊन. या खेपेस शिक्का स्पष्ट उमटलेला होता. तो त्यांनी मला बोट ठेवून दाखविला. अर्ज त्याच दिवशी पुढे गेला आणि यथावकाश रक्कमही मिळाली. शिक्क्याची गरज नव्हती, हे मी त्यांना सांगितले नाही.